क्रीम खाली आलं म्हणजे नेमकं काय झालं? वितळलं, घसरलं की पाझरलं?

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी अमळनेरहून फोन आला. "ताई, क्रीम ते बठ्ठं खाले ई गयं." दोन किलोचा आंब्याचा केक होता, बिनअंड्याचा. वर कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला झोका आणि झोक्यावर बसलेली माहेरवाशीण. त्या झोक्याला मी दोन रात्री दिल्या होत्या. जळगावातून दुपारी तीनला निघालेला केक दीडेक तासाने पोचला, तेव्हा फोटोत झोका आडवा पडलेला आणि एका बाजूचा स्पंज उघडा दिसत होता. मी पैसे परत केले. पण माहेरी आलेल्या लेकीबाळींसमोर त्या माउलीला जे वाटलं असेल, ते पैशाने भरून निघणारं नव्हतं.

त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांतही असंच झालं होतं. दर वेळी मी क्रीमला दोष दिला. पाकीट बदललं, दुकान बदललं, क्रीम जास्त वेळ फेटलं. त्या दिवशी पहिल्यांदा फोटो मोठा करून नीट पाहिला आणि लक्षात आलं की क्रीम पातळ झालेलंच नाही. नोझलच्या रेघा शाबूत होत्या. आख्खा थर रेघांसकट सरकला होता. म्हणजे इतके दिवस मी औषध भलत्याच दुखण्याला देत होते.

तेव्हापासून कुणी मैत्रीण "क्रीम टिकत नाही, काय करू?" असं विचारते, तेव्हा मी आधी बिघडलेल्या केकचा फोटो मागते. कारण "खाली आलं" म्हणताना आपण तीन वेगळी दुखणी एकाच नावाने सांगतो.

फुलांच्या कडा गेल्या असतील, रेघा मिटल्या असतील, पृष्ठभाग तुपकट चमकत असेल आणि बोर्डवर साईसारखं थारोळं असेल, तर क्रीम वितळलं. रेघा जशाच्या तशा आहेत, पण थर एकसंध खाली उतरलाय आणि वरच्या कडेला चीर पडलीय, तर ते घसरलं. आणि क्रीम जागेवर आहे, पण रवाळ दिसतंय, बारीक भोकं पडलीत आणि बोर्डभोवती पाणी जमलंय, तर ते पाझरलं. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. एकाच केकवर दोन दुखणी एकदम असू शकतात, पण सुरुवात कुठून झाली ते कळलं की पुढचं सोपं होतं.

रूम टेंपरेचर कुणाच्या रूमचं?

आपल्याकडच्या बहुतेक बिघाडांचं मूळ माझ्या मते इथे आहे. पाककृतीत लिहिलेलं असतं, "स्पंज रूम टेंपरेचरला येऊ द्या." लिहिणाऱ्याच्या मनात असते २० ते २२ अंशांची खोली. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी स्वयंपाकघरात ३८-४० अंश सहज असतात, आणि ओव्हन लावला की विचारूच नका. त्या ओट्यावर स्पंज चार तास ठेवला तरी तो चाळीसच्या खाली जाणार कसा? हाताला तो गार वाटतो, कारण ओव्हनमधून काढला तेव्हाच्या मानाने तो गारच असतो. पण क्रीमच्या दृष्टीने तो तापलेला तवा आहे.

फेटलेलं क्रीम म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे आणि त्यांना धरून ठेवणारी घट्ट चरबी. चरबी मऊ झाली की बुडबुडे सुटतात आणि सगळा डोलारा बसतो. लोण्याची चरबी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते, आणि मऊ तर त्याच्या बरीच आधी होते. वनस्पती चरबीचं व्हिपिंग क्रीम दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त दम धरतं, म्हणून आपण बहुतेक जणी तेच वापरतो. पण आतून चाळीस अंशांचा स्पंज आणि बाहेरून बेचाळीस अंशांची हवा, अशा कात्रीत तेही टिकत नाही.

म्हणून मी आता स्पंज आदल्या दिवशी करते. वाफ पूर्ण गेली की क्लिंगमध्ये (प्लास्टिकच्या पातळ, चिकटणाऱ्या कागदात) गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी काढायचा, गार असतानाच कापायचा, गार असतानाच थर लावायचे. गार स्पंजचा भुगा कमी पडतो, हा वरचा फायदा. वाफ जायच्या आत मात्र गुंडाळू नका, आत पाणी धरतं आणि वरचा पापुद्रा चिकट होतो.

बोर्ड, स्क्रॅपर, पॅलेट नाइफ, भरायच्या नोझल, सगळं फ्रीजमध्ये. टर्नटेबल, म्हणजे केकखालची फिरती चकती, लोखंडी असेल तर त्यावर गार पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं टाकून ठेवते, मग कोरडं पुसते. आणि सजावटीची वेळ पहाटेची. चार ते सात. आपल्याकडे दिवसाचे गार म्हणावेत असे तास तेवढेच. सकाळी दहाला केक पूर्ण करून संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये ठेवणं परवडतं, दुपारी दोनला नोझल हातात धरणं परवडत नाही.

थर घसरला असेल तर

अमळनेरच्या केकला हेच झालं होतं. तीन चुका एकत्र आल्या होत्या. साखरपाणी जास्त झालं होतं, मधल्या थरात आमरस तसाच पातळ भरला होता आणि क्रम कोट (स्पंजचा भुगा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ हात) करून लगेच दुसरा हात चढवला होता.

बिनअंड्याचा स्पंज दही-सोड्यावर किंवा कंडेन्स्ड मिल्कवर केलेला असतो. तो मऊ आणि आधीच ओलसर असतो. खानदेशात निम्म्याहून जास्त ऑर्डरी बिनअंड्याच्याच येतात, निदान माझ्याकडे तरी, आणि व्हिडिओ पाहून आपण साखरपाणी मात्र अंड्याच्या कोरड्या स्पंजच्या हिशोबाने ओततो. अर्धा किलोच्या तीन थरांना मिळून मी आता पाव वाटीच्या वर जात नाही. ओतायचं नाही, ब्रशने लावायचं. तेही फ्रीजमधलं गार. स्पंज बोटाने दाबला आणि पाणी वर आलं, तर त्या स्पंजवर क्रीम धरणार नाही. तसं झालंच तर तो थर उघडा ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

आमरसाचं सांगायचं तर, अखाजीला आंब्याचाच केक हवा असतो आणि तो द्यायलाच हवा. पण रस मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवून, पूर्ण गार करून मगच वापरा. क्रीममध्ये घालायचा असेल तर फेटलेल्या एक वाटी क्रीमला दोन चमचे, हलक्या हाताने मिसळून. मधल्या थरात भरायचा असेल तर आधी कडेने घट्ट क्रीमचं रिंगण काढा, बांध घालतो तसं, आणि रस त्या बांधाच्या आत. अननसाचे डब्यातले तुकडे असतील तर चाळणीत तासभर निथळू द्या. मग कागदावर.

थर लावून झाले की क्लिंग लावून वर एखादी हलकी ताटली ठेवते आणि केक तासभर फ्रीजमध्ये बसू देते. थरांमधली अडकलेली हवा निघून जाते. हे केलं नाही की दुसऱ्या दिवशी क्रीमच्या बाजूला फुगा येतो, तो फुटतो, आणि तिथूनच थर सुटायला लागतो. त्यानंतर पातळ क्रम कोट, अर्धा तास फ्रीज, मग शेवटचा हात. हा मधला अर्धा तास वाचवू नका. गार, घट्ट क्रम कोटवर वरचा थर पकड घेतो. ओल्यावर तो फक्त टेकलेला असतो.

दोन थरांपेक्षा उंच आणि गाडीतून जाणारा केक असेल, तर मधोमध उभे जाड स्ट्रॉ घाला, केकच्या उंचीला बरोबर कापून. ग्राहकाला सांगायला मात्र विसरू नका.

वितळत असेल तर

व्हिपिंग क्रीमचं पाकीट गोठवलेलं मिळतं. ते फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात आणून पूर्ण एक दिवस तिथेच सुटू द्यायचं. ओट्यावर ठेवून घाईने सोडवलेलं क्रीम बाहेरून पातळ, आतून बर्फ असं राहतं आणि कधीच सारखं फेटलं जात नाही. एकदा सुटलेलं परत गोठवायचंही नाही. दुकानातून आणतानाच ते अर्धवट वितळून परत गोठलेलं असेल, तर घरी तुम्ही काहीही करा, ते उभं राहत नाही. म्हणून आणायला जाताना थर्मोकोलचा डबा घेऊन जा आणि सकाळी जा. टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं क्रीम या कामाचं नाही, ते भाजीत, खिरीत घालण्यासाठी आहे. दुधाचं क्रीम फेटून उभं राहायला तीस टक्क्यांच्या वर फॅट लागतं.

फेटताना क्रीम ७ ते १० अंशांच्या आसपास हवं. भांडं आणि बीटरच्या काड्या वीस मिनिटं फ्रीजरमध्ये. भांड्याखाली मोठ्या पातेल्यात बर्फ, त्यावर मूठभर खडं मीठ. मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं, घरी आइस्क्रीमचं भांडं फिरवायचो तेव्हा जसं करायचो तसंच. एका वेळी एकच वाटी क्रीम फेटा, ते तिप्पट होतं. उरलेलं फ्रीजमध्ये राहू द्या. उन्हाळ्यात सगळं एकदम फेटून ठेवलं की शेवटचं निम्मं वाया जातं.

एक खूण सांगते. केकवर पहिलं फूल टोकदार येतं, तिसरं ठीक असतं आणि सहावं चपटं, तर दोष क्रीमचा नाही, तुमच्या तळव्याचा आहे. पायपिंग बॅग मुठीत धरली की अंगाची ऊब थेट आत जाते. बॅग निम्मीच भरा. दोन बॅगा करा, एक हातात, एक फ्रीजमध्ये, आणि दर आठ-दहा फुलांनी अदलाबदल. मध्ये हात गार पाण्यात बुडवून कोरडे करा. माझ्या एका मैत्रिणीचे हात सतत तापलेले असतात, ती बॅगेवर सुती फडक्याची घडी गुंडाळते. तिची गुलाबं माझ्यापेक्षा सुबक येतात.

बटरक्रीमने प्रश्न सुटेल असं बऱ्याच जणींना वाटतं. हिवाळ्यात सुटतो. मेमध्ये लोणी व्हिपिंग क्रीमच्या आधी हार मानतं. त्यापेक्षा गनाश बरं. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग हे नेहमीचं माप. उन्हाळ्यात मी तीनास एक घेते. व्हाइट चॉकलेटला चारास एक. कोको बटरही ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गनाशचा केक उन्हात ठेवला तर चालतो असं नाही. पण फ्रीजमधून निघून हॉलमधल्या टेबलावर जाईपर्यंत त्याच्या कडा धरून राहतात.

पाझरत असेल तर

हे दुखणं बहुतेक वेळा आपल्या भीतीतून येतं. उन्हाळा आहे, क्रीम अजून घट्ट हवं, म्हणून आपण फेटतच राहतो. एका मर्यादेपुढे बुडबुडे फुटायला लागतात, क्रीम रवाळ आणि कोरडं होतं, आणि तासाभरात त्यातून पाणी सुटतं. बीटर उचलल्यावर टोक उभं राहिलं आणि शेंडा किंचित वाकला की थांबा. बाजू लिंपायला हे पुरे. फुलांसाठी आणखी काही फेरे, तेही हळू वेगावर. जास्त झालंच असेल तर न फेटलेलं गार क्रीम दोन-तीन चमचे घालून चमच्यानेच मिसळा, बीटर लावू नका. बऱ्याचदा सावरतं.

पाण्यासारखे पातळ रंगही क्रीम सैल करतात. जेल रंग घ्या आणि हवी त्यापेक्षा एक छटा फिकी ठेवा, कारण फ्रीजमध्ये रात्रभरात रंग गडद होतो. लाल आणि पांढरं शेजारी असेल तर लाल शेवटी. टिकाव येण्यासाठी जिलेटिन घालायचा सल्ला मिळतो. ते प्राण्यापासून होतं, त्यामुळे बिनअंड्याचा केक मागणाऱ्या घरी विचारल्याशिवाय कधीही नाही. वाटीभर क्रीमला चमचाभर दूध पावडर घालते, माझं काम तेवढ्यात भागतं.

आपल्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि केळीचा केक मागणारे लोक त्यानंतर मला जास्त भेटले. ताजे काप मात्र वर कधीच ठेवू नका, काळे पडतात आणि पाणीही सोडतात. साखरेत परतून गार केलेले काप मधल्या थरात घाला. वर शोभेला फाँडंटचा (कणकेसारखा मळून आकार देता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचा) छोटा घड करा, हिरव्यावर पिवळ्याची झाक देऊन. रावेरच्या एका काकांच्या एकसष्टीला मी तसा घड केला होता. त्यांनी तो खाल्लाच नाही, कपाटात ठेवला.

फाँडंट, कूलर आणि पाऊस

उन्हाळ्यात दोन घरांत फाँडंट दोन तऱ्हांनी वागतं. कूलर बंद असेल तर हवा इतकी कोरडी की लाटता लाटता भेगा पडतात. कूलर चालू असेल तर त्याची हवा पाण्यातून येते, गार पण दमट, आणि त्या झोतात ठेवलेल्या पाकळ्या तासाभरात माना टाकतात. मला हे कळायला एक पूर्ण कमळ खर्ची पडलं. आता फाँडंटचं काम कूलरच्या झोताबाहेर, आतल्या खोलीत. जेवढं लागेल तेवढंच उघडं, बाकी क्लिंगमध्ये. भेगा पडत असतील तर बोटाला वनस्पती तूप लावून मळा, पाणी लावू नका.

उभी राहायची ती माणसं, झोके, बैलगाड्या यांच्यासाठी पाव किलो फाँडंटला एक लहान चमचा टायलोज पावडर मिसळा, तिने फाँडंट वाळून कडक होतं. फेब्रुवारीतच करून कागदी खोक्यात, उजेडापासून दूर ठेवा. हवाबंद डब्यात नको, आतल्या ओलीने मऊ पडतात. क्रीमवर टेकणाऱ्या भागाला वितळलेल्या कंपाउंड चॉकलेटचा पातळ हात द्या, म्हणजे क्रीमची ओल वर चढत नाही. आणि टॉपर, म्हणजे वरची उभी सजावट, बसवायचा तो केक पोचल्यावर. माझा तो झोका आता वेगळ्या डब्यातून जातो.

आषाढ-श्रावणात, कानबाईच्या सुमाराला, गोष्ट उलटते. तेव्हा वितळणं कमी, पण फ्रीजमधून काढलेल्या केकला दरदरून घाम फुटतो, कारण हवेत ओल भरलेली असते. केक खोक्यातच बाहेर काढा आणि पंधरा-वीस मिनिटं खोकं उघडू नका. दव खोक्यावर जमेल, केकवर नाही. सुटलेले थेंब पुसायला जाऊ नका, रंग पसरतो. पंख्याखाली आपोआप सुकतात.

फ्रीज आणि रस्ता

क्रीम वास ओढून घेतं. ठेचा, लोणचं, लसणाची चटणी आणि भरताची वाटी असलेल्या फ्रीजमध्ये केक उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच घासाला कळतं. खोकं बंद, खोक्यावर आणखी एक पिशवी. वीज गेली तर दार उघडून पाहायचा मोह आवरा. बंद फ्रीज चारेक तास गारवा धरतो.

लांबच्या गावी केक जाणार असेल तर निघण्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये. मग थर्मोकोलचा डबा, तळाशी आणि बाजूंना बर्फाची पाकिटं, केकच्या खोक्याला चिकटून नव्हे, मध्ये जाड कापड. गाडीत एसी आधी दहा मिनिटं चालू करा. डबा सीटवर नाही, मांडीवर तर नाहीच. सीट उतरती असते आणि मांडीची ऊब लागते. खाली पायाशी, सपाट जागेवर ठेवा. आणि शक्यतो सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. दुपारची डिलिव्हरी मी आता एप्रिल-मेमध्ये घेतच नाही. दोन ऑर्डरी गेल्या, पण परत करावे लागलेले पैसे त्याहून जास्त होते.

पोचल्यावर बिघडलाच असेल तर? थर घसरला असेल तर केक वीस मिनिटं फ्रीजरमध्ये, मग तो थर ओल्या सुरीने खरवडून काढा आणि त्या बाजूला व्हाइट चॉकलेटचा कीस किंवा भाजलेल्या बदामाचे काप दाबा. मी आता लांबच्या प्रत्येक केकबरोबर एक छोटी बॅग क्रीम आणि मूठभर कीस देते. दाण्याच्या चिक्कीचा चुराही सुंदर दिसतो, फक्त कापायच्या आधी दहा मिनिटं लावायचा, नाहीतर ओल धरून चिघळतो. पाणी सुटलं असेल तर बोर्डवरचं टिपकागदाने टिपा. वितळून तुपकट झालेलं क्रीम परत फेटून उभं राहत नाही, ते काढूनच टाका.

शेवटचा धोका ग्राहकाच्या घरात असतो. पाहुणे यायचे असतात, केक फोटोसाठी टेबलावर मांडलेला, वर हॅलोजनचा दिवा. ३२ अंशांच्या वरच्या हवेत क्रीमचा केक तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हा तब्येतीचा मुद्दा आहे, नुसता दिसण्याचा नाही. म्हणून खोक्यावर मी ही चिठ्ठी चिकटवते, मोठ्या अक्षरात, आणि फोनवरही वाचून दाखवते:

"केक आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजर नको. कापायच्या फक्त १५ मिनिटं आधी बाहेर काढा. दिव्याखाली, गॅसजवळ, कूलरसमोर ठेवू नका. खोकं खालून दोन्ही हातांनी धरा. आत स्ट्रॉ आहेत, कापताना काढा. काही सरकलं तर हात लावायच्या आधी फोटो काढून मला पाठवा."